तापट शिंगरूं आणि सौम्य हात

(शास्त्रभाग: मत्तय ५:५, याकोब ३:१-३, गणना २०:७-१२)



डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें ज्यांस धन्य म्हटलें आहे त्यांत तिसरें स्थान सौम्य जनांचें आहे, आणि पृथ्वीचें वतन त्यांचें होईल असें अभिवचन त्यांस दिलें आहे. हा भाग मंडळींत वाचला जातो तेव्हां ऐकणारांच्या मनापुढें बहुधा एकाच प्रकारचा मनुष्य उभा राहतो. तो खालीं मान घालून मागच्या बाजूस बसतो, कोणी कांहीं बोललें तरी उलट उत्तर देत नाहीं, पंचांच्या सभेंत तोंड उघडीत नाहीं. त्याला राग येत नाहीं, तशी हौसही फारशी नसते. असा मनुष्य असल्यास त्याची कोणी निंदा करूं नये. मंडळीला त्याचाही उपयोग आहे. परंतु सौम्य म्हणजे हाच एक मनुष्य, असें धरून चालल्यास मोठी अडचण उत्पन्न होते.

प्रभूनें स्वतः निवडलेल्या बारांमध्यें असा मनुष्य शोधूं गेल्यास हातीं फारसें कोणी लागत नाहीं. पेत्र तर बागेंत तरवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापणारा. जब्दीच्या दोघां पुत्रांस प्रभूनेंच गर्जनेचे पुत्र हें टोपणनांव दिलें. पुढें जो सर्व प्रेषितांहून अधिक श्रमला तो शौल दमिष्काच्या वाटेस लागला तेव्हां अक्षरशः फुरफुरत निघाला होता. मग हीं सारीं माणसें पृथ्वीच्या वतनास मुकलीं काय? आणि आज आपल्या मंडळ्यांतून जे तरुण गुणी आहेत परंतु ज्यांच्या नाकावर राग आहे, त्यांस आपण काय सांगावें? देवानें तुम्हांस दिलेलें तेज अगोदर विझवून या, मग प्रभूच्या दारांत तुम्हांस जागा मिळेल, असें सांगावें काय?

सेमिनरींत ग्रीक भाषा शिकत असतांना आम्हांस एक एक शब्द मुळापर्यंत शोधीत जाण्याची संवय लाविली होती. त्या वेळीं ती संवय फार जाचक वाटे. परंतु तिच्याच योगानें सौम्य या शब्दाच्या मागोमाग जातां जातां मी एके दिवशीं एका घोड्यांच्या पागेंत जाऊन पोंचलों, आणि तेथें जें पाहिलें तें आज आपणांपुढें मांडावें असें मनांत आहे.

ख्रिस्तापूर्वीं चौथ्या शतकांत अथेन्स नगरचा झेनोफन नांवाचा एक सेनानी होऊन गेला. तो सॉक्रेटीसाचा शिष्य होता. त्यानें घोडेस्वारीवर लिहिलेला एक लहानसा ग्रंथ आजही उपलब्ध आहे, आणि घोडा शिकविणारे लोक अद्याप तो आदरानें वाचतात. त्यांत तो सांगतो कीं, शिंगरूं शिकविणाऱ्याच्या स्वाधीन करण्यापूर्वीं धन्यानें तें सौम्य, हाताळलेलें व माणसांची आवड असलेलें असेल अशी काळजी घ्यावी. त्या ठिकाणीं सौम्य या अर्थीं त्यानें जो शब्द योजिला आहे, तोच शब्द, किंचित् निराळ्या रूपानें, मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत आला आहे. आतां झेनोफनाला मरतुकडें तट्टू नको होतें. त्याला लढाईंत उपयोगी पडणारा, मिरवणुकींत मान उंच करून चालणारा, अंगांत आग असलेला घोडा हवा होता. अशा घोड्याच्या बाबतींत सौम्य म्हणजे दुर्बळ खचित नव्हे. बळ सगळें अंगांत आहे आणि तें दुसऱ्याच्या हातास ओळखतें, असा त्याचा अर्थ होतो.

युरोप खंडांत घोडा शिकविण्याच्या या जुन्या विद्येस ड्रेसाज असें फ्रेंच नांव आहे. सर्कशींत घोडे नाचवितात तो प्रकार निराळा. साठ मीटर लांब व वीस मीटर रुंद अशा वाळूच्या चौकांत एक स्वार व एक घोडा एवढेच असतात. घोडा सरळ रेषेंत चालतो, पुढें जातां जातां आडवा सरकतो, एके जागींच दुडकी घेतो, दौडत असतां हवेंतल्या हवेंत पुढचा पाय बदलतो. परीक्षक प्रत्येक हालचालीस शून्यापासून दहापर्यंत गुण देतात. स्वारानें तोंडानें आवाज करून घोड्यास सूचना दिल्यास तो दोष समजतात. पाहणारास वाटावें कीं स्वार नुसता बसला आहे आणि घोड्याच्याच मनांत हें सारें आलें. असें वाटलें म्हणजे त्या दोघांची विद्या पुरी झाली. बत्तिसाव्या स्तोत्रांत देव आपल्या माणसास दृष्टीनें वाट दाखविण्याचें वचन देतो, आणि लागलीच पुढच्या ओळींत, लगामावांचून न आवरणाऱ्या घोड्यासारखें होऊं नको असें बजावतो, तें मला या चौकाचें वर्णन वाचल्यावर अधिक समजलें.

या विद्येस कोणतें शिंगरूं लायक? मंद घोडा सुरक्षित असतो, पोरासोरांस बसवावयास उत्तम. परंतु त्याच्या चालींत चमक येत नाहीं. ज्याची पाठ लवचिक, पाय हलके, आणि जो पान सळसळलें तरी कान टवकारतो, तोच पुढें नांव काढतो. आणि चौथ्या पांचव्या वर्षीं शिकविणारास रडकुंडीस आणणारा तोच. गुण आणि खोड या दोन निराळ्या वस्तु त्याच्यांत नाहींत. ज्या चपळाईसाठीं धन्यानें पैसे मोजले, तिनेंच धन्याला खालीं पाडलें आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. घोडा हा गवत खाणारा प्राणी. त्याचे पूर्वज हिंस्र पशूंपासून पळून जाऊन जगले. ज्याला आपण त्याचा राग म्हणतों त्यांत पुष्कळ भाग भयाचा असतो. तापट माणसांविषयीं हेंच म्हणतां येईल काय, याचा विचार वाचकांनीं आपापल्या घरांतील माणसें डोळ्यांपुढें आणून करावा. मी तो अलीकडे करूं लागलों आहें.

घोडा मागच्या पायांवर उभा कां राहतो? पुष्कळ वेळां तें अंगच्या दुष्टपणामुळें होत नाहीं. स्वार टाच मारतो, म्हणजे पुढें चल असें सांगतो. आणि त्याच क्षणीं लगाम खेंचून धरतो, म्हणजे पुढें जाऊं नको असें सांगतो. पुढचा रस्ता बंद, मागें टाच. तापलेलें शिंगरूं मग जी एकच वाट उरते ती धरतें आणि वर जातें. वर गेलें म्हणजे स्वार म्हणतो, पाहा, कसें अडेल आहे! बंधूंनो, आपल्या मंडळ्यांतून आपण हें किती वेळां केलें आहे? तरुणांनो पुढें या, प्रभूच्या कामास लागा, असें व्यासपीठावरून सांगावें, आणि तो पुढें आला कीं पंचांनीं दोन्ही हातांनीं लगाम खेंचावा: हें कोणास विचारून केलें, तें आमच्या वेळीं नव्हतें, हिशेब आधीं दाखीव. तो तरुण उभा राहिला म्हणजे आपण म्हणतों, गर्विष्ठ आहे.

झेनोफनानें एका ठिकाणीं फार मार्मिक गोष्ट सांगितली आहे. घोडा एखाद्या वस्तूस बुजला असतां जे त्याला मारून मारून तिच्याजवळ नेतात, ते त्याचें भय वाढवितात. कारण अंगावर बसणारा मार त्या वस्तूमुळेंच बसला असें घोड्यास वाटतें. त्यापेक्षां स्वारानें आपण होऊन त्या वस्तूस हात लावावा आणि घोड्यास हळूच जवळ न्यावें. ज्या घरांत सायंप्रार्थनेस बसला नाहीं म्हणून मुलास मारतात, त्या घरांतील आईबापांनीं हें वाचून मनांत ठेवावें. मूल चार दिवस बसेल. पण प्रार्थना म्हणजे काय हें तें आपल्या पाठीवरून शिकेल.

त्याच ग्रंथांत झेनोफन म्हणतो कीं, घोड्याचा ताव म्हणजे माणसाच्या रागासारखाच होय, म्हणून तापट घोड्यास एकाएकीं इशारा करूं नये, हळूहळू सांगावें. त्याला दमवून नरम करूं असें म्हणून भरधांव पिटाळणारा स्वार फसतो, कारण चिडलेला घोडा चिडलेल्या माणसाप्रमाणें स्वतःचें व दुसऱ्याचें नुकसान करावयास मागेंपुढें पाहत नाहीं. आणि या सर्वांच्या आधीं एक नियम: घोड्याजवळ रागानें कधींही जाऊं नये. ज्याला आपण शिकविणार त्याचा राग हा पुढचा प्रश्न; शिकविणाराचा राग हा पहिला.

हेंच आपणांस याकोबाच्या पत्रांत आढळतें, पण आपण तें घाईनें वाचतों. घोड्याच्या तोंडांतील लगामाचें उदाहरण तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनांत आहे, तें आपणां सर्वांस पाठ आहे. परंतु तो अध्याय आरंभला आहे तो पुष्कळांनीं शिक्षक होऊं नये या इशाऱ्यानें, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होणार. लगामाची गोष्ट त्या पाठोपाठ येते. तेव्हां याकोबानें तो लगाम प्रथम कोणाच्या तोंडांत घातला? शिकणाऱ्याच्या नव्हे, शिकविणाऱ्याच्या.

आपल्या भाषेंत घोडा शिकविणारास चाबुकस्वार म्हणतात. नांवांतच चाबूक आधीं आणि स्वार मागाहून! ऑस्ट्रिया देशांत व्हिएन्ना शहरीं जी प्रसिद्ध स्पॅनिश स्वारीशाळा आहे, तेथील स्वारांच्या हातांतही कांहीं असतें, पण ती बर्च झाडाची साधी डहाळी असते, आणि ती स्वाराच्या नम्रतेची खूण आहे असें तेथें मानतात. स्वाराच्या कोटाच्या मागील शेपटींत एक गुप्त खिसा असतो, त्यांत साखर असते. हातांत डहाळी आणि पाठीमागें साखर! आपल्या पुष्कळ घरांतून व शाळांतून याच्या उलट व्यवस्था आहे. डहाळीची छडी झालेली आहे आणि खिसा रिकामा आहे.

त्या शाळेचा पहिला उल्लेख १५७२ सालीं सांपडतो, आणि जेथें आजही घोडे शिकवितात तें तिचें भव्य दालन बादशहा सहावा चार्लस् याच्या अमदानींत १७३५ सालीं पुरें झालें. तेथील लिपिझान जातीचे घोडे जन्मतः काळसर असतात आणि सहा ते दहा वर्षांत हळूहळू पांढरे होतात. त्या शाळेची एक रीत मला फार आवडली. नव्या उमेदवारास प्रथम जुन्या, मुरलेल्या घोड्यावर बसवितात. त्या घोड्यास लांब दोरानें गोल फिरवितात आणि उमेदवार महिनेच्या महिने रिकिबीशिवाय व लगामाशिवाय नुसतें बसावयास शिकतो. नवा घोडा मात्र जुन्या स्वाराकडेच देतात. दोघेही कच्चे एकत्र येऊं देत नाहींत. आपले शेतकरी बंधु खोंडास जुवाला लावतांना जुन्या बैलाशेजारीं देतात, तें याच शहाणपणानें. मंडळींत मात्र आपण कधीं कधीं दोन खोंडें एकाच जुवाला जुंपून गाडी खाचखळग्यांत सोडून देतों, आणि कधीं ज्या पाळकास अजून बसतांही येत नाहीं त्याच्या हातीं लगाम देतों. (हें मीं माझ्या पहिल्या तीन वर्षांविषयीं लिहिलें आहे, दुसऱ्या कोणी अंगाला लावून घेऊं नये.)

या शाळेंत कांहीं निवडक घोडे एक विशेष प्रकार शिकतात, त्याला लेवाड म्हणतात. घोडा मागचे गुडघे वांकवून आपला सगळा भार मागच्या पायांवर घेतो, पुढचे पाय उचलून पोटाशीं दुमडतो, आणि कांहीं क्षण तसाच स्थिर राहतो. चौकाचौकांत आपण राजेलोकांचे अश्वारूढ पुतळे पाहतों त्यांपैकीं कांहींची जी ठेवण असते, तीच ही. आतां विचार करा. हें घोड्यानें उभें राहणें नव्हे काय? ज्या खोडीमुळें शिंगरूं विकून टाकावयाची पाळी येते, तीच ही. परंतु केवढा फरक! बिथरलेला घोडा मागचे पाय ताठ करून उंच जातो, त्याचा तोल राहत नाहीं, आणि कधीं कधीं तो स्वारासकट पाठीवर पडतो. लेवाडमध्यें मागचे पाय खोल वांकलेले असतात. अंग जमिनीशीं तीस पस्तीस अंशांचा कोन करून उचलतें, अधिक नाहीं. वर जाण्याची शक्ति तीच. पण मागें कांहीं तरी वांकलें आहे, म्हणून पुढें जें उचललें तें सुंदर झालें. आणि त्या गुडघ्यांस वांकण्याचें बळ येण्यास वर्षेंच्या वर्षें लागतात. मारानें तें एका दिवसांत येत नाहीं. देवही आपल्या मुलांचा ताव काढून घेत नाहीं, त्यांचे गुडघे वांकवितो, असें मला वाटतें.

जब्दीचा पुत्र योहान याची गोष्ट घ्या. लूकाच्या नवव्या अध्यायांत शोमरोनी लोकांच्या एका गांवानें प्रभूचा स्वीकार केला नाहीं, तेव्हां हा योहान भावासह पुढें येऊन विचारतो कीं, आकाशांतून अग्नि पडून यांचा नाश व्हावा अशी आज्ञा आम्हीं करावी काय? प्रभूनें त्यास धमकाविलें. पण त्याला शिष्यांतून काढलें नाहीं, घरीं पाठविलें नाहीं, आणि थंड हो असेंही म्हटलें नाहीं. त्याच्यासह तो दुसऱ्या गांवास गेला. पुढें प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय उघडा. शोमरोनानें देवाचें वचन स्वीकारलें असें यरुशलेमांत कळलें, तेव्हां तेथें पाठविण्यास मंडळीनें कोणास निवडलें? पेत्र व योहान यांस. ज्या लोकांवर आकाशांतून अग्नि मागणारा, त्याच लोकांच्या डोक्यांवर तो आतां हात ठेवून त्यांस पवित्र आत्मा मिळावा म्हणून प्रार्थना करितो. वरून कांहीं तरी उतरावें ही त्याची मागणी अजून तीच आहे! मनुष्य तोच, शोमरोन तोच. मधल्या काळांत कोणाचा हात त्याच्यावर होता हें आपण जाणतों.

हें एका दिवसांत होत नाहीं, याचें एक आपल्या काळांतील उदाहरण सांगतों. १९७१ सालीं जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतांत आलेरिख नांवाचा एक घोडा जन्मला. घोडा अतिशय गुणी, पण तापट व सहज बिथरणारा. म्युन्स्टर शहरचे राइनर क्लिम्के यांनीं तो घेतला आणि स्वतः शिकविला. क्लिम्के हे धंद्यानें वकील होते. वकिली सांभाळून त्यांनीं हें काम वर्षानुवर्षें केलें. १९८२ सालीं लोझान येथें हा घोडा जागतिक विजेता ठरला, आणि १९८४ सालीं लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक सामन्यांत त्याच्यावर बसून क्लिम्के यांनीं दोन सुवर्णपदकें मिळविलीं. परंतु लोकांच्या आठवणींत राहिला तो पदक मिळाल्यानंतरचा फेरा. टाळ्यांचा कडकडाट चालला होता. बुजऱ्या घोड्यानें अशा वेळीं उधळावें. क्लिम्के यांनीं दोन्ही वागा एका हातांत घेतल्या, आणि घोडा प्रत्येक झेपेस पाय बदलीत, नाचत, चौकाभोंवतीं निघाला. तेरा वर्षांच्या त्या घोड्याच्या अंगचें तेज कोठें गेलें नव्हतें. एका हातानें सांभाळतां येईल इतकें तें त्या हाताचें झालें होतें.

हा विश्वास कसा येतो? जे जाणते आहेत ते सांगतात कीं, घोडा दाबानें शिकत नाहीं. दाब सुटतो त्या क्षणीं शिकतो. त्यानें किंचित् मान्य केलें, मान थोडी सैल केली, कीं स्वाराचा हात तत्काळ सैल झाला पाहिजे. त्या सैल होण्यानेंच त्याला कळतें कीं, मीं केलें तें बरोबर. जो स्वार घोडा ऐकूं लागला तरी लगाम आवळूनच ठेवतो, त्याच्या घोड्याचें तोंड दगडासारखें होतें. मग कितीही जाड कडियाळें घाला, त्याला तें लागत नाहीं. भगिनींनो, सुनेचें, लेकीचें, पोरांचें चुकलें म्हणजे आपण बोलतों. तें बरोबर झालें म्हणजे गप्प बसतों. हात सैल झाला आहे हें त्यांस कळावें कशावरून?

पण उत्तम शिकविणारेही चुकतात, आणि ती चूक लहान नसते. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांच्या तोंडावर या विद्येंतील एका जगप्रसिद्ध स्वारास माघार घ्यावी लागली. कांहीं वर्षांपूर्वीं धडा देत असतां घोड्याच्या पायांवर पुन्हां पुन्हां चाबूक मारल्याचें चित्रण बाहेर आलें होतें. त्या व्यक्तीचा न्याय करण्याचें मला कारण नाहीं. तें वृत्त वाचतांना मला मात्र मोशे आठवला. पृथ्वीवरील सर्व माणसांहून तो सौम्य होता अशी साक्ष शास्त्र देतें. हा जन्मतः सौम्य नव्हता. तारुण्यांत मिसरी मनुष्यास ठार मारून पळालेला हा. चाळीस वर्षें मिद्यानांत त्यानें मेंढरें राखिलीं. त्यानंतर कुरकुर करणाऱ्या, मागें फिरूं पाहणाऱ्या एका हट्टी प्रजेस त्यानें रानांतून चालविलें, आणि किती वेळां देव त्यांस टाकावयास निघाला असतां हाच मध्यें पडला! तो मोशे कादेश येथें पाण्याच्या भांडणांत अखेर चिडला. देवानें सांगितलें होतें, खडकाशीं बोल. त्यानें लोकांस बंडखोर म्हणून खडसाविलें आणि काठीनें खडकास दोनदां मारलें.

पाणी निघालें, हें विसरूं नका. पुष्कळ निघालें, लोक प्याले, जनावरें प्यालीं. मारानें काम झालें. ज्या पाळकांस, शिक्षकांस व बापांस आपल्या रागाचें समर्थन करावयाचें असतें ते नेहमीं हेंच सांगतात, कीं पाणी तर निघालें! आणि मोशे नबो डोंगरावरून वचनदत्त देश पाहून तेथेंच मेला. त्या दोन फटक्यांची ही किंमत होती.

आतां जें लिहितों तें लिहावें कीं नाहीं याचा मीं पुष्कळ दिवस विचार केला. आमच्या मंडळींत एक तरुण होता. गळा असा कीं तो भजनाची पहिली ओळ घेई तेव्हां देवळाबाहेर उभे असलेले लोकही आंत येऊन बसत. ढोलकीवर हात बसलेला, नव्या चाली लावण्याची बुद्धि ईश्वरदत्त; आणि राग नाकाच्या शेंड्यावर. भजनमंडळीचें काम मींच त्याला दिलें. टाच मींच मारली. त्यानंतर त्यानें मुलें जमविलीं, चावडीपुढें भजनें म्हटलीं, तेव्हां प्रत्येक पावलास पंचांनीं त्याला अडविलें आणि मी पंचांच्या बाजूस बसलों. दोन वर्षांपूर्वीं नाताळच्या उपासनेंत त्यानें मला न विचारतां एका जुन्या गीताची चाल बदलली. मीं सगळ्या मंडळीसमक्ष हात वर करून गीत मध्येंच थांबविलें आणि त्याला जुन्या चालीवर पुन्हां आरंभ करावयास सांगितलें. शब्दही कठोर होते. त्यानें ढोलकी खालीं ठेविली आणि तो बाहेर गेला. मंडळीनें गीत जुन्या चालीवर पुरें केलें. पाणी निघालें.

तेव्हांपासून तो देवळांत आला नाहीं. मी एकदां त्याच्याकडे गेलों होतों, पण समेट करण्यास नव्हे, समजावून सांगण्यास गेलों होतों. आणि ज्याच्या मनांत आपणच खरे आहों असें असतें तो समजावतांना आवाज चढवितो. त्याची आई मात्र प्रत्येक रविवारीं येते. ती माझ्याकडे कांहीं मागत नाहीं.

हें लिहीत असतां झावळ्यांच्या रविवारचें तें शिंगरूं माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. तें गाढवाचें होतें, घोड्याचें नव्हे. पण मार्क व लूक दोघेही स्पष्ट सांगतात कीं, त्यावर तोंवर कोणी मनुष्य बसला नव्हता. न शिकविलेलें शिंगरूं, पाठीवर एकाएकीं परकीं वस्त्रें, वाटेवर पसरलेले कपडे व फांद्या, पुढें मागें ओरडणारा लोकसमुदाय. जनावरें राखणाऱ्या कोणालाही विचारा, अशा ठिकाणीं काय व्हावयाचें. तें उधळलें नाहीं. वर कोण बसला होता, एवढेंच त्याचें कारण मला ठाऊक आहे. माझा हात तसा नाहीं. तो हात मला द्यावा म्हणून मी प्रार्थना करीत आहें, आणि ज्या मंडळ्यांतून असा कोणी तरुण बाहेर गेला आहे त्या मंडळ्यांच्या पाळकांनीं व पंचांनीं माझ्याबरोबर ती करावी अशी विनंति आहे.

गेल्या रविवारीं उपासना आटोपल्यावर ती बाई प्रथमच माझ्याजवळ येऊन थांबली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, यंदा नाताळचीं भजनें कोण बसविणार?" मला उत्तर देतां आलें नाहीं. येत्या शनिवारीं मी त्यांच्या घरीं जाणार आहें. बरोबर पंचांपैकीं कोणास घेणार नाहीं, मंडळीची नोंदवहीही नेणार नाहीं. त्याची ढोलकी दोन वर्षें देवळाच्या कपाटांत पडून आहे. तिची वादी सैल झाली होती, ती काल ओढून घेतली आहे. तेवढी घेऊन जाणार आहें.